टँटी क्लॅरिसचं पिंप

डिसेंबरचा पहिला आठवडा सरला तरी सिल्वन बेडोचं गाणं तयार नव्हतं. लेस्टेर गावात ही बातमी पावाच्या भट्टीपासून जेट्टीपर्यंत अर्ध्या दिवसात पोचली, कारण एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

कॅरिबियन समुद्रातल्या या कॅरिआकू बेटावर येशूबाळाची गाणी चर्चमध्ये गातात. नाताळात बँड घरोघर फिरून गातो ते गाणं वेगळं. त्यात गावातली त्या वर्षीची एखादी भानगड असते. नवी होडी समुद्रात ढकलायच्या दिवशी नांगर घरीच विसरलेला कप्तान, लग्नाच्या आदल्या दिवशी दाढदुखीचं निमित्त करून ग्रेनाडाला सटकलेला नवरदेव, अशी सगळी मंडळी या गाण्यांमधून अमर झालेली आहेत. नाव घ्यायचं नाही, पण कुणाला दुसऱ्याचा संशयही येऊ द्यायचा नाही. ज्याची भानगड त्याच्याच दारात जाऊन गायची. त्यानं बाहेर यायचं, हसायचं, सगळ्यांना रम पाजायची, आणि मग विषय संपला. नव्या वर्षात तो विषय पुन्हा काढणाऱ्याला गाव दारात उभं करत नाही.

ही गाणी रचायची आणि चार तारांचा क्वात्रो वाजवत गायची, हे काम सिल्वनचं. वय बासष्ट, एकटा जीव, हात सुताराचा आणि जीभ न्हाव्याच्या वस्तऱ्याची. ऑक्टोबर लागला की लोक त्याच्याशी अंमळ गोडच वागायचे. त्याच्या स्वतःवर मात्र आजवर एकही गाणं झालेलं नव्हतं. रमचा दुसरा पेला पोटात गेला की ही गोष्ट तो न विचारता सांगायचा.

यंदा घोडं पेंड खात होतं ते एका पिंपापाशी.

सिल्वनची बहीण ब्रुकलिनला असते. दर ऑगस्टला ती एक निळं पिंप गच्च भरून जहाजानं पाठवते. यंदाच्या ऑगस्टला ट्रकवाल्यानं पिंप आणलं तेव्हा त्याच्यावरचा कागद फाटलेला होता, 'बेडो, लेस्टेर' एवढंच काय ते उरलं होतं. लेस्टेरमध्ये डोळे मिटून दगड मारला तरी तो एखाद्या बेडोलाच लागेल. पण ऑगस्टात पिंप येतं ते सिल्वनकडे, म्हणून ट्रकवाल्यानं फारसा विचार केला नाही, आणि सिल्वननं तर मुळीच केला नाही. त्यानं झाकण उघडलं, तांदूळ डब्यात ओतला, सार्डिन माशांचे डबे फळीवर लावले, नवे बूट पायात चढवले. बूट चावत होते, पण बहिणीला त्याचं माप कधी लक्षात राहिलंय? साबणाच्या वड्या खंडीभर होत्या, त्या त्यानं बँडमधल्या सगळ्यांना वाटल्या आणि चार दिवस दानशूर म्हणून मिरवला.

तीन आठवड्यांनी बहिणीचं खरं पिंप आलं.

सिल्वननं दोन्ही पिंपं शेजारी शेजारी उभी केली. मग त्यानं पहिल्या पिंपाच्या तळाशी हात घातला. पातळ कागदात गुंडाळलेली बाईमाणसाची टोपी निघाली, जांभळ्या रंगाची, चर्चला घालायची, आणि तिला टाचलेलं कार्ड: 'आईला, डेंझिलकडून.'

डेंझिल म्हणजे टँटी क्लॅरिसचा एकुलता एक मुलगा. इंग्लंडमध्ये हडर्सफील्डला बस चालवतो. टँटी क्लॅरिस राहते सिल्वनच्या कुंपणापलीकडे. अख्खं गाव तिला टँटी, म्हणजे मावशी म्हणतं, एकटा सिल्वन तेवढा नुसतं क्लॅरिस म्हणतो, कारण दोघं एकाच बाकावर बसून पाढे शिकले होते.

त्याच दिवशी टोपी घेऊन तो कुंपण ओलांडता तर पाच मिनिटांत सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण अंगणात तिचे बूट घालून उभं राहायचं आणि वर सांगायचं की निम्मं मी खाल्लं, हे त्याला जमेना. उद्या जाऊ म्हणाला. उद्याचा परवा झाला, परवाचा महिना झाला. मग त्याच्या कानावर आलं की डेंझिल फोनवर म्हणतो पिंप पाठवलं, आणि क्लॅरिस म्हणते आलंच नाही. त्यानंतर तर त्याचे पाय त्या बाजूला वळेनातच.

बँडची तालीम फिट्झच्या होड्यांच्या कारखान्यात, बदामाच्या झाडाखाली चालायची. फिट्झ मोठा ड्रम वाजवायचा. व्हायोलिन अंकल बार्टोचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अंकल बार्टो कानानं अधू झाले होते, सुरानं नव्हे.

"काय रे सिल्वन," अंकल बार्टोंनी विचारलं, "यंदा गाव साधूसंतांचं झालं की काय?"

"काही घडलंच नाही यंदा," सिल्वन तारा पिळत म्हणाला.

"घडलं नाही कसं?" फिट्झ म्हणाला. "टँटी क्लॅरिसचं पिंप विसरलास? पोरगं म्हणतं पाठवलं, आई म्हणते थापाड्या. आयतं ताट वाढून ठेवलंय, आणि तू म्हणतोस भूक नाही."

"तिला वाईट वाटेल रे."

"आणि माझ्या टकलावर गायलास तेव्हा मला काय गुदगुल्या झाल्या होत्या?" फिट्झ म्हणाला. "माझी बायको अजून ते गाणं भांडी घासताना म्हणते."

सगळे हसले. अंकल बार्टोंनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि विषय संपवला. "पिंपाचंच होऊ दे. चालही तशीच हवी, गडगडत येणारी."

सिल्वन घरी गेला आणि त्यानं गाणं रचलं. नको नको म्हणत बसला आणि शब्द आपसूक येत गेले. न पाठवलेलं पिंप समुद्रात माशांनी नेलं, शार्क मावशीनं चहात साखर घातली, असं काहीबाही. गाणं फक्कड झालं. ते फक्कड झालं म्हणून त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी क्लॅरिस स्वतःच कुंपणाशी आली. हातात झाकलेलं ताट, मक्याच्या पिठाचं घट्ट कूकू आणि वर रश्श्यातला मासा.

"घे. काडी झालायस," ती म्हणाली. "गाण्याचं टेन्शन घेतोस म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"मला सगळं कळतं. गाणं माझ्यावर आहे तेही कळलंय." ती हसली नाही. "गा की. मी काही दार लावून बसणार नाही. फक्त एक सांगते, सिल्वन. पिंपाचं मला काही नाही रे. तांदूळ काय, दुकानात मिळतो. नसेल जमलं पाठवायला तर नसेल जमलं, गरिबी काय पहिल्यांदा बघतेय का मी? पण आईशी खोटं बोलायचं? बोटीचं नावसुद्धा सांगतो, इतकं पाठ करून खोटं."

"खोटं नसेलही," सिल्वन ताटाकडे बघत म्हणाला.

"मग पिंप कुठंय?"

सिल्वननं ताट या हातातून त्या हातात घेतलं.

"दोन महिने झाले, मी त्याचा फोन उचलत नाही," क्लॅरिस म्हणाली. "रविवारी बारा वाजता वाजतो. वाजतो, वाजतो आणि थांबतो. थंड होईल ते, खा."

ती वळताच सिल्वन ताट घेऊन मागच्या अंगणात गेला. त्यानं कूकू कोंबड्यांना घातलं, आणि आता कोंबड्यांकडेही बघवेना.

नाताळच्या आधीचा रविवार उजाडला. चर्च सुटलं, जेवणं झाली, आणि उन्हं कलायच्या आधी बँड निघाला. पुढं अंकल बार्टो, मग बँजो, मग सिल्वन, मागं फिट्झचा ड्रम आणि त्याच्यामागं निम्मं गाव. पहिल्या दोन घरांत नुसत्या शुभेच्छा गाऊन झाल्या, हॅम आणि केक खाऊन झाला. तिसरं घर टँटी क्लॅरिसचं.

ती पडवीत उभी होती. इस्त्रीचा फ्रॉक, ताठ मान, शेजारी टेबलावर सॉरेलच्या फुलांचं लाल सरबत आणि रमची बाटली. फजिती होणार हे ठाऊक असलेल्या बाईनं जेवढ्या ऐटीत उभं राहावं तेवढ्या ऐटीत ती उभी होती. फिट्झनं ताल धरला, व्हायोलिन गडगडत आलं, आणि सिल्वननं सुरुवात केली.

*पिंप निघालं बोटीवरती, हडर्सफील्डच्या गावाहून,*
*आई बसली पडवीमध्ये, वाटेला डोळे लावून.*
*पिंप कुठं गेलं हो, पिंप कुठं गेलं?*
*माशांनी का नेलं हो, माशांनी का नेलं?*

गावानं ध्रुवपद झेललं, पोरं नाचायला लागली. क्लॅरिस हसली. तोंडभर हसली ती, पण हनुवटी थरथरत होती, आणि ते फक्त सिल्वनला दिसलं, कारण तोच तेवढा तिथं बघत होता. पुढं शार्क मावशीचं कडवं होतं. गावाला ते फार आवडलं असतं.

ते त्याच्याच्यानं गाववेना. गेले चार दिवस दुसरीच कडवी त्याच्या डोक्यात घोळत होती. कागदावर ती त्यानं उतरवलीच नव्हती. आता तोंड उघडलं तर तीच आली.

*माशांवर का आळ घेता, मासे बिचारे मुके,*
*पिंप पोचलं गावामध्ये, घर तेवढं चुके.*
*शेजाऱ्यानं झाकण काढलं, वाचलं नाही नाव,*
*तीन डबे सार्डिनवरती मारला त्यानं ताव.*

बँजोवाल्याचा हात अडखळला. फिट्झ ड्रम बडवत राहिला, पण त्याचं तोंड उघडंच राहिलं. सिल्वननं डोळे मिटून घेतले.

*चोर शोधत फिरू नका, दारात आहे उभा,*
*क्वात्रो त्याच्या हातामध्ये, करा त्याची शोभा.*
*लेक तुझा खरा गं बाई, खोटा हा शेजार,*
*टोपी तुझी जांभळी, माझ्या पेटीत बेजार.*

गाण्यात 'माझ्या' हा शब्द एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आला होता. ध्रुवपद कुणीच उचललं नाही. अंकल बार्टोंनी एकट्यानं ते व्हायोलिनवर पुरं केलं आणि गज खाली घेतला.

"म्हणजे तो साबण—" फिट्झ म्हणाला.

"हो," सिल्वन म्हणाला.

"अरे, मी त्यानं सकाळी आंघोळ केली."

कुणीतरी फिसकन हसलं. क्लॅरिस वळली आणि घरात गेली. दार तिनं लावलं नाही. सिल्वन अंगणात उभाच राहिला. गंमत अशी की त्याला भीती वाटत नव्हती. आता ती काठी घेऊन आली असती तरी तो हलला नसता. ऑगस्टपासून छातीवर जे ओझं बसलं होतं ते उतरलं होतं. त्याला मोकळा श्वास घेता येत होता आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. फटका खाणाऱ्यानं इतकं सुखावू नये.

आतून तिचा आवाज आला. आधी हळू, मग गावाला ऐकू जाईल इतका मोठा.

"हॅलो? मी बोलतेय. अरे, आई बोलतेय. आधी माझं ऐक. आलं होतं, बाळा. आलं होतं ते. नाही रे, मी रडत नाहीये. तू रडतोयस. तू पाठवलंस, आणि मी तुला..."

मग बराच वेळ शब्द कळले नाहीत. बायका एकमेकींकडे बघायच्या थांबून जमिनीकडे बघायला लागल्या. फिट्झनं उगाच ड्रमची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

क्लॅरिस बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा भिजलेला होता आणि फोन तिनं हातभर पुढं धरला होता. ती पायऱ्या उतरून थेट सिल्वनसमोर आली. इतक्या वर्षांत तिनं त्याला दिला नव्हता असा एक सणसणीत धपाटा तिनं त्याच्या खांद्यावर घातला.

"मूर्खा," ती म्हणाली. "चार महिने. कुंपण ओलांडायला तुला चार महिने लागले?"

"लागले, क्लॅरिस. तुझं सगळं भरून देतो मी. बहिणीचं पिंप आहे, त्यातलं..."

"ते नंतर बघू. आता गा. पहिल्यापासून गा, डेंझिलला ऐकायचंय." तिनं फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "आणि तुम्ही सगळे रे, मघाशी ध्रुवपद कुणीच म्हटलं नाही. नीट म्हणा. पोरगं इंग्लंडहून ऐकतंय."

अंकल बार्टोंनी गज उचलला. ड्रम सुरू झाला, आणि या खेपेला ध्रुवपदावर गाव असं तुटून पडलं की क्लॅरिसच्या कोंबड्या कुंपणावरून उडाल्या. सिल्वन मासे गायला, झाकण गायला, आणि सार्डिनवर आला. तेवढ्यात फोनमधून एक चिरका आवाज काहीतरी ओरडला.

"थांब," क्लॅरिस म्हणाली. तिनं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि सिल्वनकडे बघितलं. "तो म्हणतो सहा डबे होते."

सिल्वनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अख्ख्या गावासमोर कबुली देतानाही त्यानं तीन डबे हातचे राखले होते.

"सहाच होते," तो म्हणाला.

"मग सहा म्हण," क्लॅरिस म्हणाली आणि खुदकन हसली. हे हसू हनुवटी न थरथरता आलं होतं. "माझा लेक खोटं बोलत नाही."

त्यानं सहा म्हटलं.