किटलीचे स्टेशन आणि मी

मित्रांनो, मी एक जुना हिरवा थर्मास आहे. माझ्या पोटाला पोचा आहे आणि टोपण किंचित उजवीकडे कलते. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका स्वयंपाकघरात मी फ्रिजशेजारी उभा असतो. खरे सांगू? मला एका रेल्वे स्टेशनाचा फार हेवा वाटतो.

माझे मालक फ्रान्सिस आजोबा मूळचे वसईचे. त्यांनी मला तिथल्या बाजारातून आणले आणि इथल्या पोलाद कारखान्यात माझ्यासोबत सव्वीस वर्षे शिफ्ट केल्या. आयव्ही आजींचा आल्याचा चहा मी दुपारपर्यंत वाफाळता ठेवीत असे. "मेट, बिस्किटं माझी, चहा तुझा," असे आजोबांचे सोबती म्हणत (इथे दोस्ताला 'मेट' म्हणतात), तेव्हा माझी छाती फुगायची. मग आजोबा निवृत्त झाले आणि मी कपाटात गेलो. टोपणातले रबर तिथेच सुकले.

मागच्या वर्षी त्यांच्या नातीने, युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या रेनीने, आजी-आजोबांसोबत जपानची सहल ठरवली. तिथल्या एका खेड्यात किटलीच्या आकाराचे स्टेशन आहे, ते तिला पाहायचे होते. आजोबांनी मला बॅगेत भरले.

"आजोबा, सो एम्बॅरॅसिंग! तिकडे सगळं मिळतं, मेट."

"मेट तुझा बाप! मी आजोबा आहे. थर्मास येणार."

आणि ते स्टेशन समोर आले. लाल गोल इमारत, वर मूठ, बाजूला लांब तोटी. गाडी आली की तोटीतून वाफ निघे आणि माणसे टाळ्या वाजवीत. आजोबांनी मला बाकावर ठेवले आणि तोटीवरून हात फिरवला.

"काय काम केलंय! जोड दिसतोय का कुठे?"

सव्वीस वर्षांत त्यांनी माझा जोड कधी पाहिला नव्हता! वर बॅगेतला चहाचा डाग पाहून ते आजींना म्हणाले, "हा गळायला लागला. घरी गेल्यावर टाकून देऊ."

त्याच क्षणी मी ठरवले, आता उघडायचेच नाही.

पुढची गाडी दीड तासाने होती. वारा बोचत होता. "किटली आहे म्हणजे चहा असणारच ना!" असे म्हणत रेनीने तिथे झाडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना खुणेने विचारले. बाईंनी हसून हात हलवला. किटलीत नुसती वाफ होती.

आजोबांनी माझे टोपण पिळले. मी दात आवळून धरले. रेनीने पिळले. "इट्स स्टक!" मी हटलो नाही. तेवढ्यात आजींनी ऊब मिळेल म्हणून आपले गारठलेले तळवे माझ्या अंगावर ठेवले. वर्षानुवर्षे मला विसळणारी ती बोटे निळी पडली होती.

मी टोपण सोडले.

आजींनी सकाळी भरलेला चहा चौघांना पुरला. झाडणाऱ्या बाईंनी टोपण दोन्ही हातांनी धरून चहा प्यायला. टोपण परत देताना त्या माझ्यापुढे कमरेतून वाकल्या. रोज त्या किटलीपाशीच असतात, पण तिच्यापुढे त्या वाकलेल्या मला तरी दिसल्या नाहीत.

घरी आल्यावर आजोबांनी नवे रबर आणून स्वतः बसवले.

"टाकून देणार होतात ना?" आजी म्हणाल्या.

"मी? कधी?"

तरी फ्रिजवर फोटो लागला तो किटलीचाच! त्याच्या कोपऱ्यात माझा अर्धा पोचा तेवढा दिसतो. मी रोज तो पाहतो आणि रोज जळतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, थर्मास वापरून झाला की धुवा, टोपण उघडे ठेवून वाळवा, रबर सुकले तर बदला. आणि फोटो काढताना दोन पावले मागे सरका. मला फार जागा लागत नाही.