शेगडीचा डाग

२०१९ साली मुरारच्या आमच्या घरात, माडीवरच्या सागवानी जमिनीच्या खिडकीजवळच्या फळ्या कुजल्या. माझ्या मुलाने, शंतनुने, रफीक मिस्त्रींना बोलावलं. मी तेव्हा लेकीकडे, शरयूकडे, होते.

परतले तर नवा जोड कुठला, ओळखू येईना. पण खिडकीखाली काळा डाग दिसला. शरयूच्या बाळंतपणात माझ्या बाजेखालच्या शेगडीने पडलेला! बाज तर समोरच्या भिंतीशी होती. आता तिथे कपाट आहे.

"खिडकीशीच असेल, आई. हल्ली विसरतेस तू," शंतनु म्हणाला. "डॉक्टरला दाखवून येऊ."

दोन दिवस माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही. मग मिस्त्री पॉलिशला आले. मी त्यांना डाग दाखवला.

"अम्माजी, नई लकड़ी का रंग कहाँ मिलता? अलमारी के नीचे की पुरानी पट्टियाँ यहाँ लगाईं, नई वहाँ डाल दीं।"

"चल, आता तुलाच दाखवू डॉक्टरला," मी शंतनुला म्हटलं.

मिस्त्री पुढे मुलाकडे भोपाळला गेले. शंतनु इंदूरला बदलून गेला. शरयू दिवाळीला येते. मी इथेच आहे. बाज कुठे होती असं तिने विचारलं, की अजूनही माझी नजर आधी खिडकीकडेच जाते.