सात ओसऱ्या

बहात्तरच्या दुष्काळात चिखलीच्या एस.टी. स्टँडवर झोपणारी अकरा पोरं निघाली. होती आधीपासूनच, एका साहेबांच्या जीपसमोर आली, म्हणून निघाली. लहान शहरांनी आपल्या बेघर तरुणांची सोय आपणच लावावी, असं साहेब म्हणाले आणि चहा पिऊन बुलढाण्याला गेले.

आठ दिवसांत निवारा समिती उभी राहिली. अध्यक्ष उत्तमराव. वसतिगृहाला जागा हवी, जागेला अर्ज, अर्जाला नकाशा. त्यापेक्षा उत्तमरावांना जुनी रीत आठवली. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, रोज नव्या घरी. तसे आता झोपायचे वार लावायचे. एका पोराला सात ओसऱ्या, आणि कोणावर भार नाही.

"लोकायले एक घर भेटत नाही, आपल्या पोरायले सात," उत्तमराव म्हणाले. शहरात बेघर तरुण शून्य, हा अहवाल त्याच दिवशी टपालात पडला.

कचरू सतरा वर्षांचा, साखरखेर्ड्याचा. आईबाप एका पंधरवड्यात गेलेले. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायचा आणि खोकायचा. त्याचा बुधवार खुद्द उत्तमरावांकडे, गुरुवार गुलाम रसूल पिंजाऱ्याकडे, शुक्रवार तानुबाईकडे.

आता उत्तमरावांचा दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो, गुलाम रसूलचा सूर्य बुडाल्यावर. बुधवार मावळला की पिंजाऱ्याच्या घरी जुमेरात, म्हणजे गुरुवार, लागते. दोघंही पन्नाशीचे, शेजारच्या गल्लीतले. यादी करताना कोणी कोणाला विचारलं नाही. त्यामुळे बुधवारी रात्री कचरूसाठी दोन घरी बाज पडायची आणि गुरुवारी एकाही नाही.

पहिल्या गुरुवारी तो पिंजाऱ्याच्या दारी गेला तेव्हा बाज भिंतीला उभी होती आणि दार लागलेलं. हाक मारायची त्याला लाज वाटली. स्टँडवर गेला, तर तिथल्या शिपायानं उठवलं. "सात घरं असून इथं काऊन झोपतं बे?"

तीन गुरुवार त्यानं कापूसबाजाराच्या भिंतीशी काढले. पौषाची थंडी, अंगात ताप. मग तो उत्तमरावांकडे गेला.

"मालक, गुरुवारचं दुसरीकडे कुठं पाहता का?"

"काऊन? मुसलमानाचं घर चालत नाही तुले?"

"तसं नाही जी..."

"तसंच आहे. मी अन् गुलाम रसूल समितीत एका सतरंजीवर बसतो, अन् तू कालचं पोट्टं मले भेद शिकवून राह्यला?"

एकोप्यावर उत्तमराव चांगलं बोलत. त्या दिवशी तर फारच चांगलं बोलले. ते संपल्यावर कचरू "हाव जी" म्हणाला आणि निघाला.

तिकडे चांदबी नवऱ्याला म्हणत होती, "तीन जुमेरात हो गए, रजई वैसीच पडी है. पूछते काऊन नै?"

"क्या पूछना?" गुलाम रसूल म्हणाला. "उत्तमराव अपनेच पास सुला लेते. उनको नै जमता होगा. बोलके शर्मिंदा काहे को करना." बाजेवर अंथरलेली रजई त्यानं स्वतः पिंजलेल्या कापसाची होती.

पाचव्या शुक्रवारी पहाट सरल्यावर तानुबाईनं सडा टाकायला दार उघडलं. कचरू पायरीवर बसला होता. पाठ भिंतीला, गाठोडं मांडीवर.

"आत्ताच काऊन आला रे? संध्याकाळी ये," ती म्हणाली आणि तांब्यातलं पाणी जपून शिंपडलं. त्याच्या उघड्या पावलांवर थेंब पडले. पाय हलले नाहीत.

पंचनाम्याला समिती हजर होती. "मयताचा पत्ता?" जमादारानं विचारलं. उत्तमरावांनी यादी काढून सातही घरं वाचली.

"इथं एकाच ओळीची जागा आहे जी. काल रात्री कुठं होता तेवढं सांगा."

"काल गुरुवार. पिंजाऱ्याकडे."

"काल रातीले?" गुलाम रसूल म्हणाला. "काल दिवस बुडाला अन् जुम्मा लागला. आमची जुमेरात परवा रातीले होती. रजई टाकून वाट पाहत होतो."

"परवा तं तो माह्याकडे होता," उत्तमराव म्हणाले. यादीची त्यांनी जुन्याच घडीवर घडी घातली.

"माहं घर लिहा," गुलाम रसूल म्हणाला.

"झोपला होता का तुमच्याकडे? एक तरी रात्र?"

"नाही."

जमादारानं पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं: बेघर.

"ते लिहू नका," उत्तमराव म्हणाले. "आमच्याकडे शून्य आहेत."