चांगुणाच्या दंडातली नळी

मी एक मऊ, पांढरी नळी आहे. पेन्सिलीएवढी जाड. पण मित्रांनो, मला कपाटात शोधू नका. मी राहते पारनेरजवळच्या चांगुणाच्या डाव्या दंडात, कातडीच्या खाली.

चांगुणाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा नगरच्या दवाखान्यात यंत्र तिचं रक्त शुद्ध करतं. त्यासाठी रक्त जोरात बाहेर यावं लागतं. तिच्या शिरा फारच बारीक निघाल्या, म्हणून डॉक्टरांनी माझं एक टोक धमनीला आणि दुसरं शिरेला जोडलं. तेव्हापासून माझ्यातून रक्त असं धावतं की वरून बोट ठेवलं तर थरथर लागते. दर खेपेला माझ्यात दोन जाड सुया टोचतात. टोचू देत! माझं काम मी चोख करते.

डायलिसिसच्या सत्यशीला सिस्टरनी चांगुणाला बजावलं होतं, "रोज सकाळी थरथर बघायची. लागली नाही तर त्याच दिवशी यायचं. या हातावर ओझं नाही, घट्ट काही नाही." चांगुणा ते मनापासून पाळायची. दुधाची किटलीसुद्धा उजव्याच हातात.

गेल्या वैशाखात तिच्या लेकीचं, सुकन्याचं लग्न निघालं. हळदीच्या संध्याकाळी थोरली जाऊ केशरबाई चांदीची वाकी घेऊन आली.

"आक्का, त्या हाताला काय बांधत न्हाईत," चांगुणा म्हणाली.

"नवरीची आई हाय तू. दंड मोकळा बरा दिसतो व्हय? एका सांजेनं काय हुतंय!"

चारचौघींत चांगुणाला नाही म्हणवेना. वाकी माझ्यावर घट्ट बसली. दिवसभराच्या धावपळीनं थकलेली चांगुणा ती न काढताच झोपली.

सकाळी तिनं वाकी काढून बोट ठेवलं. थरथर नव्हती. माझ्यात रक्त गोठलं होतं.

दारात मांडव, पाहुणे उतरत होते. केशरबाईचा चेहरा उतरला. "दुपारचा तर मुहूर्त हाय. अक्षता पडू दे, मग लगेच जाऊ."

चांगुणा लेकीकडे बघत राहिली. मुंडावळ्या बांधून घेत असलेली सुकन्या उठून आली. "आई, तू आत्ताच जा. अक्षता तुझ्याबिगर पडतील. पन मी माहेरपनाला आले, तर घरात तू पायजे."

चांगुणानं डोळे पुसले आणि भावाच्या, रामहरीच्या जीपमध्ये बसली.

डॉक्टरांनी बारीक तार घालून माझ्यातली गुठळी काढली, छोटा फुगा फुगवून अरुंद जागा मोकळी केली. मी पुन्हा वाहू लागले.

"दोष एकट्या वाकीचा नाही," ते म्हणाले. "शिरेच्या जोडाजवळ नळी आतून अरुंद झाली होती, त्यात दाब पडला. वेळेवर आलात."

"आता किती दिस चालंल ही?" रामहरीनं विचारलं.

"बऱ्याच नळ्या दोन-तीन वर्षांत दमतात, काही त्याआधीच. हिचं तिसरं सरत आलंय. जपलीत तर अजून चालेल. बंद पडलीच तर दुसरी जागा शोधू, पण अशा जागा मोजक्याच असतात."

आम्ही पोचलो तेव्हा पाठवणी चालली होती. चांगुणा नसल्यानं कन्यादानाला केशरबाई आणि तिचा नवरा बसले होते. जावेला बघताच केशरबाई रडू लागली. "माझ्यामुळं झालं गं."

"रडू नका, आक्का. डाक्टर म्हनले, वाकीचा एकटीचा दोष न्हाई." चांगुणानं उजवा हात पुढे केला. "पन आता ती वाकी ह्या दंडात घाला. लेकीला निरोप द्यायचाय."

मला आता चौथं वर्ष लागलं आहे. एक दिवस मीही थकेन, हे मला ठाऊक आहे. पण आज माझ्यातून रक्त जोमानं धावतं आहे, आणि याचं श्रेय मी एकटी घेत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारी कुणी डायलिसिसला जात असेल, तर त्यांच्या त्या हाताला जपा. त्यांना आग्रह करून काही घालायला लावू नका. आणि त्यांनी "थरथर लागत नाही" म्हटलं, तर दारात केवढंही कार्य असो, आधी गाडी काढा.