प्रुइटची कार्डं कुठे गेली

इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये राहणाऱ्या, लॅबमध्ये संख्याशास्त्राचं काम करणाऱ्या औरंगाबादच्या बाईने अमेरिकन बेसबॉलची जुनी कार्डं जमवावीत, याचं सगळ्यांनाच नवल वाटायचं. भीमजयंतीच्या कार्यक्रमाला लंडनमधल्या हॅरोला गेली की तिची मैत्रीण शैला दर वर्षी विचारायचीच, "अगं धम्मशीला, तुला तो खेळ कळतो तरी का?"

"कळतो ना. समजून घ्यायला बाई चांगली मिळाली होती," ती म्हणायची.

ते खरंच होतं. तरुणपणी ती डॉक्टरेटच्या संशोधनासाठी अमेरिकेत, ओहायोत होती. तिथली म्हातारी घरमालकीण संध्याकाळी रेडिओवर मॅच लावायची आणि या परक्या पोरीला शेजारी बसवून एकेक डाव उलगडून सांगायची. धम्मशीला निघाली तेव्हा तिने माळ्यावरून बुटांचा एक खोका काढून हातात ठेवला. आत १९६२ सालची कार्डं होती, च्युइंगगमच्या पाकिटातून निघालेली, प्रत्येकावर एकेका खेळाडूचा फोटो. "माझ्या पोरांना याचं काही नाही. तुझ्याकडे नीट राहतील," म्हातारी म्हणाली.

खोक्यात त्या सालचा निम्मा संच होता. उरलेला निम्मा धम्मशीलाने पुढच्या सगळ्या वर्षांत सावकाश जमवला. घाई नाही, उधळपट्टी नाही. नवरा राकेश लंडनच्या ट्रेनने घरी आला की रोज विचारायचा, "आज कुणी सापडलं?" आणि सापडलं असलं की दोघं चहा घेत त्या माणसाचं तोंड बघत बसायचे. दिवाणखान्यात बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कपाटात तो जाड अल्बम असायचा. आता त्यात एकच खिसा रिकामा राहिला होता. डेल प्रुइट.

हा प्रुइट कुणी मोठा खेळाडू नव्हता. जेमतेम एक हंगाम मोठ्या लीगमध्ये खेळला आणि नाहीसा झाला. धम्मशीलाला सुरुवातीला त्याची काळजीच नव्हती. नावाजलेल्या खेळाडूंची कार्डं महाग असतात, पण हमखास मिळतात, कारण ज्याच्याकडे असतात तो कधी ना कधी विकायला काढतो. फुटकळ खेळाडूंचं उलटं. त्यांचं कार्ड विकून पोस्टाचा खर्चही सुटत नाही, म्हणून ती लोकांच्या माळ्यावर पडून राहतात. विकायला दिसत नाही म्हणजे ते दुर्मीळ आहे असं नव्हे, हे तिला पक्कं माहीत होतं. थांबलं की येतं.

प्रुइट मात्र थांबूनही येईना.

पीटरबरोजवळच्या एका हॉलमध्ये कार्डं जमवणाऱ्यांचा मेळा भरायचा. तिथे एका विक्रेत्याने तिला ठासून सांगितलं, "मॅडम, ते कार्ड छापतानाच मागे घेतलं होतं. जगात दहा-वीस असतील. माझ्याकडे एक येणार आहे, पण किंमत तशीच असेल."

गाडीत बसल्यावर लेक दिया म्हणाली, "आई, मग घेऊन टाक ना. तो कार्ड रेअर आहे तर."

"ते कार्ड," धम्मशीलाने सवयीने दुरुस्त केलं. "आणि रेअर आहे हे ठरवलं कुणी? त्याने? विकणारा तोच आणि मोजणारा तोच?"

त्या शनिवारी ती कामाला लागली. ही कार्डं मोठ्या शीटवर एकत्र छापून मग यंत्राने कापायचे. कधीकधी कापताना शीट सरकायचं आणि एका कार्डाच्या कडेला शेजारच्या कार्डाची बारीक पट्टी यायची. अशी वाकडी कापलेली कार्डं कुणी विचारत नाही, पण धम्मशीलाला नेमकी तीच हवी होती. प्रुइटच्या शेजारी शीटवर एक जाडजूड कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला विकेटकीपर, होता आणि त्याची कार्डं ढिगाने मिळत. तिने इंटरनेटवर त्याची वाकडी कापलेली जितकी कार्डं दिसली तितकी गोळा करून पाहिली. ज्यांच्या उजव्या कडेला शेजारची पट्टी आली होती, त्या प्रत्येकावर हिरवा रंग होता. प्रुइटच्या कार्डाची चौकट हिरवी.

"बघ," ती दियाला म्हणाली. "हा कॅचर जितक्या वेळा छापला, तितक्याच वेळा प्रुइटही छापला. मागेबिगे काही घेतलं नाही. एका मायची लेकरं आहेत ही. मग एक गावभर हिंडतंय आणि दुसरं दिसतच नाही, असं का?"

दियाने खांदे उडवले. "कोणी तरी घेतला असेल."

धम्मशीला तिच्याकडे बघतच राहिली. छपाई, कापणी, पावसात भिजलेले खोके, सगळ्याचा हिशेब तिने मनात मांडला होता. कुणीतरी एकच कार्ड मुद्दाम वेचत असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या मेळ्यात तिने किंमत विचारणं सोडून दिलं. प्रत्येक टेबलापाशी थांबून ती एकच विचारत गेली: "प्रुइट आला तर तुम्ही कुणाला देता?" बहुतेकांनी मान हलवली. कोपऱ्यातल्या टेबलावरचा कॉलिन नावाचा शांत माणूस मात्र हसला.

"माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. प्रुइट आला की मी त्यांच्यासाठी बाजूला ठेवतो. माझ्या वडिलांपासून चालू आहे हे. अमेरिकेतही त्यांची माणसं आहेत म्हणे."

"कोण आहेत?" हिरव्या पट्टीचं सगळं सांगून तिने विचारलं.

"ते सांगायची परवानगी मला नाही. विचारतो त्यांना. तुमचा नंबर द्या."

चार दिवसांनी फोन आला. कॉलिनच्या आवाजात गंमत होती. "या म्हणालेत. इथे जवळच, ईलीला राहतात. नाव लिहून घ्या: डेल प्रुइट."

रविवारी दियाने गाडी काढली. दोन्ही बाजूंना सपाट काळी शेतं आणि पुढे दुरूनच दिसणारं ईलीचं कॅथीड्रल. इतकी वर्षं जो माणूस धम्मशीलासाठी नुसता रिकामा खिसा होता, तो दार उघडून समोर उभा राहिला: उंच, वाकलेला, पंच्याऐंशीच्या घरातला, हाताचे पंजे फावड्याएवढे.

"म्हणजे तुम्ही त्या हिरव्या पट्टीवाल्या बाई," तो म्हणाला. "कॉलिनने सांगितलं. आत या. टोमॅटो खाता का? यंदा फार झालेत."

स्वयंपाकघरात त्याने ब्रेडवर टोमॅटोचे जाड काप ठेवून दिले आणि आपली गोष्ट सांगितली. एका हंगामानंतर खांदा गेला, मग हवाई दलात भरती, इंग्लंडात सफोकमधल्या अमेरिकन तळावर नेमणूक. तिथे मार्गरेट भेटली आणि तो इथलाच झाला. मार्गरेट जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

"पण स्वतःचंच कार्ड तुम्ही का गोळा करता?" धम्मशीलाने शेवटी विचारलं.

म्हातारा उठला आणि फडताळातून बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आला. झाकण उघडलं. आत हिरव्या चौकटींची चवडच्या चवड. दियाच्या तोंडून "ओ माय गॉड" निघून गेलं. धम्मशीलाला तर हात लावायचंही भान राहिलं नाही.

"नीट बघा," तो म्हणाला. "हा मी आहे का?"

तिने एक कार्ड उचललं. टोपी मागे सारलेला, खळखळून हसणारा एक तरुण. मग समोरच्या माणसाकडे पाहिलं. लांब हनुवटी, एकमेकांजवळचे डोळे. पुन्हा कार्ड. म्हातारपणाने माणूस बदलतो, पण कानांची ठेवण अशी बदलत नाही.

"नाही," ती म्हणाली. "हे तुम्ही नाही."

"हा रेमंड. हंगामाआधीच्या सराव शिबिरातला माझा रूममेट. फोटोवाला आला तेव्हा मी नाश्त्याला बसलो होतो. त्याने 'प्रुइट' अशी हाक मारली आणि हा गाढव माझी टोपी घालून जाऊन बसला. गंमत म्हणून. आम्हाला वाटलं, कुणाच्या तरी लक्षात येईल. नाही आलं." तो हसला, अगदी पोटातून. "पहिली काही मी लाजेने विकत घेतली. आईला काय सांगणार? पण रेमंड मोठ्या लीगपर्यंत पोचलाच नाही. पुढे गॅरेज काढलं, पाच मुलं झाली. एकदा त्याच्या बायकोचं पत्र आलं, 'मुलांना बापाचं कार्ड हवंय, एखादं मिळेल का?' त्याचं तेवढं एकच कार्ड आहे ना जगात. त्यावर नाव माझं असलं म्हणून काय झालं?"

मग एकाचं दुसऱ्याला कळत गेलं. मुलं, सुना, नातवंडं. त्या घरात मूल जन्मलं की ईलीहून एक कार्ड जायचं. रेमंड वारला, तरी ते थांबलं नाही.

दियाचे डोळे भरून आले होते. "हा खूप गोड गोष्ट आहे," ती आईच्या कानात म्हणाली, आणि धम्मशीलाने या वेळी दुरुस्त केलं नाही.

"तुमचं काम मोजण्याचं आहे ना?" म्हाताऱ्याने विचारलं. "मग सांगा, बाहेर अजून किती असतील?"

ती नेहमीसारखी आकड्यात शिरली. शीटं, त्या काळची पाकिटं, कचऱ्यात गेलेली, माळ्यावरची. "तुमच्या डब्यात आहेत त्यापेक्षा खूप जास्त," ती शेवटी म्हणाली. "दुर्मीळ नाही हे कार्ड. फक्त एका ठिकाणी आलंय."

"अरेरे. म्हणजे मला अजून जगावं लागणार."

तिघंही हसली. मग त्याने डबा तिच्यापुढे सरकवला. "घ्या एक. तुमचं तुम्ही निवडा."

तिच्यातली संग्राहक जागी झाली, हे तिला लपवता आलं नाही. कोपरे बघ, छपाई बघ, चवडीतून वरखाली कर. बराच वेळ लावून तिने एक निवडलं. पैशाचं विचारलं तर त्याने हात झटकला. "एवढंच करा. अल्बममध्ये खाली त्याचंही नाव लिहा."

संध्याकाळी राकेश घरी होता. तिघांनी मिळून कार्ड खिशात सरकवलं. धम्मशीलाने बारीक अक्षरात दोन्ही नावं लिहिली. संच पुरा झाला. शैलाला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अभिनंदन बाई! आता काय करणार रिकामी?"

रिकामी ती राहिली नाही. कुणाच्या जुन्या गठ्ठ्यात, वाकड्या कापलेल्या कार्डांमध्ये, तिला आता प्रुइट दिसू लागला. मिळेल तो घेऊन ती ईलीला पाठवायची, आणि टोमॅटोच्या दिवसांत तिकडून टोपली यायची. त्या "दहा-वीसच" म्हणणाऱ्या विक्रेत्याला तिने काही सांगितलं नाही. फक्त त्याचं कार्ड महागात घेतलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी ती ऑफिसला निघाली होती, एवढ्यात फोन वाजला.

"डॉक्टर," पलीकडून म्हातारा जवळजवळ ओरडतच होता, "रेमंडच्या नातीला जुळं झालं! आणि माझ्या डब्यातली चांगली कोपऱ्यांची संपलीत. तुमच्याकडे दोन आहेत का?"

"एक आहे," धम्मशीला बूट काढता काढता म्हणाली. "दुसऱ्याचं बघते मी. थांबा, आत्ताच कॉलिनला फोन लावते."