इराणी गुलाबाचा नक्षा

शेवगावात किमखाब विणणारं एकच घर उरलं होतं, लालमहंमदचं. रेशमावर जरीची इराणी फुलं उठवायची ही कला नगरच्या जुन्या निजामशाहीत कुणा इराणी कारागिराबरोबर इकडे आली, असं त्या घरात सांगत. लालमहंमद खाली बसून धोटा टाकायचा आणि त्याची बायको जहिरा मागावरच्या फळीवर बसून नक्ष्याच्या दोऱ्या ओढायची. नक्षा म्हणजे कागद नव्हे, शेकडो दोऱ्यांची गाठी मारून बांधलेली जुडी. फुलाची प्रत्येक पाकळी त्या गाठींत होती. ती लालमहंमदच्या आजोबांनी बांधली होती, आणि तशी बांधणारं आता कुणी हयात नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गोदावरीपलीकडून, हैदराबादच्या निजामाच्या हद्दीतून, फक्रुद्दीन कारभारी आला. त्याच्या जहागीरदाराच्या मुलीच्या निकाहासाठी गुलाबाच्या वेलीचा बारा हात किमखाब हवा होता. लालमहंमद हरखून गेला. पाच वर्षांत असं काम आलं नव्हतं.

आषाढात फक्रुद्दीन पुन्हा आला तो कमरेला सुरा लावून. "लवकर करा," एवढंच म्हणाला. श्रावणात आला तेव्हा पाणीसुद्धा घेतलं नाही. "आता मी येनार न्हाई. कापड तुमीच पोचवा."

"निकाह कधी हाय?" जहिराने विचारलं. तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला.

भाद्रपद लागला तसा नगरकडून लष्कराच्या गाड्यांचा धुरळा दिसू लागला. शेजारचा गोरक्ष नदीवर नाव चालवायचा. तो गुरुवारी रात्री जहिराला म्हणाला, "भाभी, लालभाईला धाडू नका. पल्याड गावं जळत्यात. उतारू जात्यात, माघारी कुनी येत न्हाई."

जहिराने सांगून पाहिलं, पण लालमहंमदने ऐकून घेतलं नाही. "दोन बोटं राह्यल्यात. जुम्म्याची नमाज झाली की बसू, शनिवारी सकाळी निघतो."

"अन् काय झालं म्हंजे?"

"आजोबांपास्नं शब्द मोडला न्हाई या घरानं."

शुक्रवारी दुपारी तो मशिदीत गेला आणि जहिरा फळीवर चढली. वरची एकच गाठ सोडायची, दोऱ्या जरा गुंतवायच्या, म्हणजे लावायला आठ-दहा दिवस जातील, तोवर तिकडचं निवळेल, असं तिने मनाशी धरलं होतं. गाठ जुनी होती. बोटांनी सुटेना म्हणून तिने दात लावले. गाठ सुटली आणि खालच्या वजनाने सगळी जुडी सरसर ओढली गेली. जहिराने दोन्ही हातांनी धरायला पाहिलं. तळहात सोलले, पण काही हाती राहिलं नाही. मागाखाली दोऱ्यांचा ढीग पडला.

लालमहंमद परतला तेव्हा ती तिथेच बसलेली होती.

"उंदरांनी केलं?"

"मी केलं."

तो ढिगाशी बसला आणि एकेक दोरी उचलून निरखत राहिला. दुसऱ्या दिवशीही तसाच. सोमवारी पहाटे पूर्वेकडून तोफांचे आवाज आले, भांडी थरथरली, तरी त्याने मान वर केली नाही.

आठवड्याभरात लढाई आटोपली, निजाम शरण आला. गोरक्षने बातमी आणली. जहागीरदाराची गढी जळाली होती, फक्रुद्दीनचं प्रेत घाटावर सापडलं होतं. लालमहंमद निघणार होता त्या शनिवारी पैठणच्या वाटेने गेलेले सात जण बेपत्ता होते. लालमहंमदने फक्त कंदिलाची काच पुसून ठेवली.

थंडी पडल्यावर एकदा जेवताना तो आपणहून बोलला.

"गेलो असतो तर मेलो असतो. समजतं मला."

जहिरा भाकरी हातात धरून थांबली.

"तुला माफ केलं म्हनायला रोज बसतो. शब्द येत न्हाई तोंडात."

"मग नका म्हनू," ती म्हणाली. "जेवा."

तो जेवला. पुढच्या महिन्यात माग सुट्टा करून त्याने लाकूडफाट्याच्या वखारीत दिला, आणि दोघं श्रीरामपूरला एका कापसाच्या गिरणीत कामाला लागली.