बांधावरचा दूत उग्रबाण

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. नुसतं मुखवटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जत्रेतला कागदी वाघ येईल. मी त्यातला नाही. माझ्या डोक्यावर दोन शिंगं होती, आता दीड उरलंय. कातडी तांब्याच्या कळकट भांड्यासारखी हिरवी आणि मानेपासून कमरेपर्यंत लोंबणारा काळा झगा. दूर आकाशातल्या खरग्रह नावाच्या लढवय्या ग्रहाचा मी दूत, उग्रबाण. तो ग्रह एका मालिकेपुरताच होता म्हणा. मी मात्र खरा आहे आणि सध्या सिद्धेश्वरच्या धरणाजवळ एका हरभऱ्याच्या बांधावर उभा आहे.

तुम्ही माझ्याकडे असे का बघता आहात? मनात काय आहे तुमच्या? रागावू नका. असं विचारायची मला जन्माची खोड आहे.

माझा जन्म हैदराबादेतल्या एका स्टुडिओत झाला. पुनम नावाच्या कारागीर बाईंनी मला घडवलं. मालिकेच्या मालकांनी त्यांना सांगितलं होतं, "हा तह करायला आलाय, पण मनात लढाई हवी. ओठांवर गोड बोलणं, डोळ्यांत संशय." पुनमबाईंचा स्वभाव मोकळा. संशयी चेहरा त्यांना काही केल्या जमेना. शेवटी त्यांनी समोर आरसा ठेवला, एक भुवई वर चढवली, डोळे बारीक केले आणि स्वतःकडेच तीन दिवस तशा बघत राहिल्या. जे आरशात दिसलं ते मातीत उतरवलं, मातीवरून साचा काढला, साच्यात रबराचा चीक ओतला, आणि मी झालो. डोळ्यांच्या जागी पिवळ्या काचा बसवल्या. माझी डावी भुवई जी वर चढली ती आजतागायत खाली आलेली नाही.

मला डोक्यावर घालायला माणूस हवा होता उंचापुरा. स्टुडिओत दिवे उचलायला देविदास नावाचा एक तरणाबांड पोरगा होता, सिद्धेश्वरकडच्या एका तांड्यावरचा. उंची सव्वासहा फूट. त्याला माझ्या आत उभं केलं. शरीर त्याचं, चेहरा माझा, आणि आवाज? तो बंद खोलीत बसलेल्या तिसऱ्याच माणसाचा. देविदासला सांगून ठेवलं होतं, तू फक्त ओठ हलव.

आमचा उग्रबाण मोठा गाजला बरं का. कोणाच्याही दरबारात गेला की तो आधी कमरेचा खंजीर मेजावर ठेवी आणि मग तहाचं बोले. त्याची दुसरी खूण म्हणजे तो यजमानाच्या घरचं पाणी कधी पीत नसे. पेला हातात घ्यायचा, वास घ्यायचा, भुवई चढलेलीच, आणि पेला तसाच खाली ठेवायचा. पोरं वह्यांवर माझं चित्र काढायची. देविदास मात्र चहाच्या गाड्यावर उभा राही आणि कोणी त्याला ओळखत नसे.

चार वर्षांनी मालिका बंद पडली. मला पेटीत टाकलं. पेटीत उंदरांनी माझा कान खाल्ला, शिंग मोडलं, एक काच निखळून हरवली. मित्रांनो, कौतुक करणारे हात किती लवकर दुसरीकडे वळतात, हे मी त्या पेटीत शिकलो. शेवटी पुनमबाईंनीच मला बाहेर काढलं, झटकलं आणि देविदासच्या हाती दिलं. "तुझाच चेहरा आहे," त्या म्हणाल्या, "घेऊन जा."

तांड्यावर देविदासची आई चंदाबाई दारातच उभी होती. तिनं मला पाहिलं आणि दोन पावलं मागं सरली.

"हे काय आणलंस रे? कोणाकडं बघून राहिलं हे?"

"याडी, हा मीच हाय," देविदास म्हणाला. आईला तो याडी म्हणतो.

"तू माझं लेकरू. हा कोण?"

देविदासनं मोबाइलवर मालिका दाखवली. शेजारपाजारचे जमले. एकानं विचारलं, "हा तू? आवाज तर दुसऱ्याचा हाय!" दुसरा म्हणाला, "अन् तोंडबी दुसऱ्याचं. मग तुझं काय हाय ह्यात?" सगळे हसले. देविदासनं मला दारामागच्या खुंटीला अडकवलं आणि पुन्हा कोणापुढे मालिकेचं नाव काढलं नाही. तिथं माझं वर्ष गेलं.

पुढच्या पौषात हरभऱ्याला घाटे धरले आणि कालव्याकडच्या झाडांतून वानरांची टोळी उतरली. चंदाबाई म्हणाली, "त्या भुताला ने बांधावर. काही तर कामाला येऊ दे." देविदासनं बांधावर जुना लोखंडी पाइप रोवला, त्यात बांबू उभा केला, बांबूच्या टोकाला मला बसवलं आणि खाली झगा सोडला. वानरं माझं तोंड पाहून पळाली. माझ्या पाठीला मात्र ती भीत नसत. पाठ म्हणजे काय, नुसतं अस्तर.

आता हा बांध कोणाचा, ते ऐका. अलीकडे चंदाबाईचं शेत, पलीकडे गावातल्या सटवाजींचं. मधोमध विहीर. बावीस वर्षांपूर्वी चंदाबाईचे मालक धर्मसिंग आणि सटवाजी, दोघांनी मिळून ती खांदली. पाणी दिवसाआड, कागदावर एक अक्षर नाही. धर्मसिंग देवाघरी गेले तरी पाळी मोडली नाही. सटवाजी गळ्यात तुळशीची माळ घातलेला सात्त्विक माणूस. सप्ताहात वीणा घेऊन उभे राहिले की पांडुरंगच दिसावा समोर! शेतात आले की ते आधी चंदाबाईच्या डेऱ्यातलं पाणी पीत. कडुनिंबाखाली तो डेरा ठेवलेला असे, आणि सटवाजी म्हणत, "वहिनी, तुमच्या डेऱ्याचं पाणी म्हंजी चंद्रभागा."

असं गोकुळ नांदत होतं आणि तिथं मी उभा राहिलो.

पहिल्या आठ दिवसांतच सटवाजींनी पाहिलं की सकाळी माझं तोंड चंदाबाईच्या शेताकडं असतं. वानरं तिकडून पळून सटवाजींच्या हरभऱ्यात शिरत. चंदाबाईनं पाहिलं की संध्याकाळी माझं तोंड सटवाजींच्या शेताकडं असतं आणि घाटे तिचे खाल्ले जातात. तिला वाटलं, दुपारी सारे भाकरीला घरी गेले की हा माणूस मला फिरवतो. त्यांना वाटलं, ही बाई भल्या पहाटे येऊन फिरवते.

खरं काय ते मला ठाऊक होतं. फिरवत होतं वारं. धरणाकाठचं वारं पहाटे पाण्याकडं जातं आणि ऊन चढलं की पाण्यावरून उलटं येतं. माझा झगा शिडासारखा भरे आणि बांबू पाइपात करकरत वळे. देविदासनं बांबूला पाचर मारली नव्हती. पाइप आणि बांबूच्या मधल्या फटीत लाकडाची एक चीप ठोकायची, एवढंच काम राहून गेलं होतं.

मला ठाऊक होतं, पण मी बोलणार कसा? माझा आवाज कधी माझा नव्हताच. आणि खरं सांगू का, मित्रांनो? सुरुवातीला मला गंमत वाटली. इतकी वर्षं माझ्यासारखं बघणारा मी एकटा होतो. आता दोन माणसं माझ्यासारखीच भुवई चढवून बघायला लागली होती.

एका सकाळी चंदाबाईनं नेहमीसारखा तांब्या भरून पुढं केला. सटवाजींनी तो हातात घेतला. क्षणभर आत पाहिलं. आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

"तहान न्हाई," ते म्हणाले.

माझी गंमत तिथंच संपली. ते मी शंभर वेळा केलं होतं. पण माझ्यासमोर तेव्हा नट होते, पेला खोटा होता. इथं चंदाबाईचा चेहरा खरा होता.

"भाऊ, पाणी बराबर न्हाई का माझं?"

"पाणी बराबर हाय. नियत पाहून राहिलो."

"माझी नियत? रोज दुपारच्याला भूत फिरवतं कोण?"

"मी? उलटा चोर कोतवालाला! पहाटे कोण येतं इथं?"

देविदास मधे पडला. "काका, याडी पहाटे घरीच असती."

"तू तर बोलूच नको," सटवाजी म्हणाले. "सोंग घ्यायचा धंदाच तुझा."

देविदासची मान खाली गेली. चंदाबाईनं तांब्या उचलला आणि पाणी बांधावर ओतून दिलं. मग सटवाजींनी खिशातला कागद बाहेर काढून दाखवला. तो मोजणीचा अर्ज होता. "सप्ताहाचा काला झाला की दुसऱ्या दिवशी हिंगोलीला जाऊन देतो. शेत मोजायचं, विहीर मोजायची, मधून भिंत."

"पाण्यात भिंत घालता?"

"घालतो!"

"घाला. मग मीबी पोराला हैदराबादला लावून देते. कोणासाठी ठेवू इथं?"

मित्रांनो, विहीर रानाचा प्राण असते. आणि दोन जिवलगांनी मिळून खांदलेली असली तर ती देवाच्या गाभाऱ्यासारखीच. त्या गाभाऱ्यात आता भिंत उभी राहणार होती, आणि ती एका लाकडी चिपेवाचून.

त्याच आठवड्यात गावात सप्ताह बसला. देवळावरच्या भोंग्यातून हरिनाम माझ्यापर्यंत येई. मिराबाई महाराज म्हणून पासष्टीच्या कीर्तनकार आल्या होत्या. काय त्यांचा गळा! टाळ थांबले तरी रानातला हरभरा डुलत राहावा असा. सहाव्या दिवशी त्यांनी दृष्टांत दिला.

"एकानं दाराशी कुत्रं बांधलं, चोरासाठी. चांगलं केलं. चोर काही आला न्हाई. मग कुत्रं पाहुण्यावर भुंकलं. मालक म्हणला, शाब्बास! मग शेजाऱ्यावर भुंकलं. शाब्बास! एक दिवस मालकच बाजारातून आला, अन् कुत्रं त्याच्यावरच धावलं. मालक बाहेर, कुत्रं घरात! माय-बापहो, संशयाचं कुत्रं पाळा, पण साखळी आखूड ठेवा. न्हाई तर आपल्याच घरात जायची चोरी हुईल."

मला वाटलं, आता हे दोघं नक्की शहाणे होणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी बांधावर येऊन कोणाला तरी मोबाइलवर म्हणाले, "काल महाराजांनी वहिनीला काय झोडपलं!" थोड्या वेळानं चंदाबाई देविदासला म्हणाली, "ऐकलं का काल? सटवाजीभाऊंचं नाव तेवढं घ्यायचं ठेवलं होतं."

मी बांबूवर असतानाही कपाळाला हात लावला असता, हात असता तर.

तो दिवस काल्याचा. सगळा गाव, सगळा तांडा देवळापुढं. रान सुनसान. ऊन चढलं तशी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं मला हालचाल दिसली. चंदाबाई! काला सोडून येऊन बसली होती. आणि तुरीच्या ओळीत पोटावर पालथं पडलेलं पांढरं धोतर कोणाचं? सटवाजींचं. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालून ते निसटले होते. दोघं एकमेकांना पकडायला आले होते. आणि दोघांचे डोळे माझ्यावर.

देवा पांडुरंगा, मी मनात म्हणालो, आज वारं पाठव.

भोंग्यात गजर चढत गेला. धरणावरून झुळूक आली. झगा हलला, फुगला. पाइप करकरला. आणि मी, खरग्रहाचा दूत उग्रबाण, हळूहळू, भर दुपारी, दोन साक्षीदारांसमोर, चंदाबाईच्या शेताकडून सटवाजींच्या शेताकडं वळलो.

तुरीतून सटवाजी उठले. धोतराला माती, टोपी वाकडी. खोलीमागून चंदाबाई उठली. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"तुमी काला सोडून काहून आल्या?" सटवाजी कसंबसं म्हणाले.

"अन् तुमची वीणा कुठं हाय?"

 सटवाजी माझ्याजवळ आले. एका बोटानं बांबू ढकलला. मी फिरलो. पुन्हा ढकलला. पुन्हा फिरलो.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "पाचरच न्हाई की ओ."

चंदाबाईनं तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "सहा फुटांचं पोरगं! बोटभर लाकूड ठोकायचं इसरलं!"

"पोराला काहून बोलता," सटवाजी म्हणाले. "इसरलं तर ते एकदा. आपण रोज येऊन पाहून राहिलो, अन् खाली वाकून कोणी पाहिलं न्हाई."

त्यांनी एक तुराटी मोडली. फटीत घातली, पण ती सैल बसली. मग त्यांनी खिशातून तो अर्ज काढला, चार घड्या घातल्या, तुराटीला गुंडाळला आणि दगडानं फटीत ठोकला. मी जागच्या जागी घट्ट झालो.

"तोंड कुठं करायचं ह्याचं?" चंदाबाईनं विचारलं.

सटवाजींनी कालव्याकडच्या झाडांकडं बोट केलं. "वानरं येतात तिकडं. चोर ना तुमच्या शेतात व्हता, ना माझ्या."

पाचर काढून त्यांनी मला नीट वळवलं आणि पुन्हा ठोकली. मग ते कडुनिंबाखाली गेले, न मागता तांब्या बुडवला आणि उभ्यानं, घटाघटा, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत पाणी प्याले. दुसरा तांब्याही प्याले. चंदाबाई म्हणाली, "चला आता, काला संपंल." आणि दोघं म्हातारपण विसरून देवळाकडं पळत सुटले.

माझी उरलेली काचही उन्हानं तडकून गळाली होती. दुसऱ्या दिवशी चंदाबाईनं आपल्या लग्नातल्या घागऱ्याचे दोन आरसे उसवून आणले. तांड्यावरच्या बायांच्या घागऱ्यावर असे आरसे टाकलेले असतात. देविदासनं ते माझ्या डोळ्यांत बसवले. उन्हात ते लखलखले की वानरं झाडावरूनच परत फिरतात. सटवाजी बघायला आले. माझी चढलेली भुवई, बारीक डोळे त्यांनी टाचा उंचावून जवळून पाहिले.

"काय दिसलं, काका?" देविदासनं विचारलं.

"बापा, हा तर मीच हाय," ते म्हणाले. मग त्यांनी देविदासच्या खांद्यावर हात ठेवला. "तू इतकी वर्षं ह्याच्या आत कसा राहिलास रे?"

तांड्यावर परतल्यापासून हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कोणीतरी विचारला. देविदास बांधावर बसला आणि सांगायला लागला. सूर्य कलला तरी सांगतच होता.

मित्रांनो, माझं रबर आता उन्हानं चिरत चाललंय. फार दिवस उरलेले नाहीत. कधी सिद्धेश्वरला आलात तर या बांधावर या. चंदाबाईच्या डेऱ्यातलं पाणी आधी प्या, मग माझ्या डोळ्यांत बघा. आणि जाताना एवढं करा. खाली वाकून माझी पाचर हलवून पाहा. सैल झाली असेल, तर शेजारीच दगड पडलेला आहे.